शेअर स्वस्त आहे, पण आजच घ्यायचा का?

स्वस्त शेअर शोधणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. स्क्रीनरवर (अटींप्रमाणे शेअर गाळून देणाऱ्या संकेतस्थळावर) पी/ई (भाव भागिले शेअरमागचा नफा) १५ च्या खाली, आरओसीई (धंद्यात गुंतलेल्या भांडवलावरचा परतावा) २० टक्क्यांच्या वर, कर्ज जवळपास शून्य, एवढं भरलं की यादी समोर येते. घोडं पेंड खातं ते त्यानंतर. यादीतला शेअर घेतला की तो आणखी पडतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे दोन-तीन वर्षं जागचा हलत नाही, आणि आपण वैतागून विकला की चार महिन्यांत पळत सुटतो.

मूल्य पाहून गुंतवणूक करणाऱ्यांना चार्टचं वावडं असतं आणि चार्टवाल्यांना ताळेबंदाचं. दोघं एकमेकांना हसतात. मला या भांडणात रस नाही. मूल्य पाहणाऱ्याची खोड अशी की तो नेहमी फार लवकर शिरतो. चार्ट त्यावर थोडा लगाम घालू शकतो, एवढंच त्याचं काम. तळ कुठे आहे ते चार्ट सांगत नाही. या शेअरमधली विक्री थकली आहे की अजून जोरात चालू आहे, ते मात्र बऱ्यापैकी सांगतो.

क्रम महत्त्वाचा. आधी कंपनी, मग भाव, मग चार्ट. उलटं गेलात, म्हणजे चार्ट आवडला आणि मग मूल्य शोधायला बसलात, तर ते हमखास सापडतं. पुढच्या वर्षीच्या नफ्याचा अंदाज थोडा सैल केला की कुठलाही शेअर स्वस्त दिसतो.

खाली मुख्य उदाहरण आयटीसीचं (सिगारेटचा मोठा धंदा असलेली आणि तेव्हा हॉटेलंही चालवणारी कंपनी) घेतलंय, कारण २०१७ ते २०२२ या काळात या शेअरने मूल्यवाल्यांची जेवढी परीक्षा पाहिली तेवढी क्वचितच कुणी पाहिली असेल. हा शेअर आज घ्या किंवा घेऊ नका असं मी सांगत नाहीये. उदाहरण पद्धतीचं आहे.

पहिली पायरी: कंपनी चाळणीतून काढा

पी/ई वर विसंबू नका. नफा शिखरावर असताना पी/ई सर्वात कमी दिसतो, विशेषतः धातू, साखर, रसायनं अशा चढ-उताराच्या धंद्यांत. टाटा स्टीलचा एकत्रित (उपकंपन्यांसह) नफा २०२१-२२ मध्ये ४१,७४९ कोटी रुपये होता आणि तेव्हा शेअरचा पी/ई चारच्या आसपास दिसत होता. पुढच्याच वर्षी नफा ८,०७५ कोटींवर आला. कंपनी वाईट नव्हती, पोलादाचं चक्र फिरलं. अशा धंद्यात एका वर्षाचा नफा न घेता सात-आठ वर्षांची सरासरी घ्या.

मी पाहतो त्या गोष्टी थोड्या आहेत. पाच वर्षांचा निव्वळ नफा एकत्र करा आणि पाच वर्षांचा धंद्यातून आलेला रोख प्रवाह एकत्र करा. दुसरा आकडा पहिल्याच्या ७०-८० टक्क्यांच्याही खाली असेल तर नफा कागदावर आहे आणि पैसा उधारीत किंवा मालात अडकलाय. मग कर्ज. मग प्रवर्तकांनी (कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी) किती शेअर गहाण टाकलेत ते. शेअरधारणेचा तक्ता दर तिमाहीनंतर २१ दिवसांत एक्स्चेंजवर येतो, त्यात हे स्पष्ट दिलेलं असतं. शेवटी शेअर एक्स्चेंजच्या एएसएम किंवा जीएसएम या निगराणी यादीत आहे का ते पाहा. असेल तर चार्ट बघायची गरजच नाही, पुढच्या शेअरकडे वळा.

बँका आणि वित्तसंस्थांना ही चाळणी लागू पडत नाही. तिथे बुडीत कर्जं आणि पुस्तकी मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरतं ते) पाहावं लागतं, आणि पुस्तकी मूल्यावर विश्वास ठेवावा लागतो. तो विश्वास किती महाग पडू शकतो ते पुढे येस बँकेच्या निमित्ताने येईलच.

दुसरी पायरी: दोन भाव लिहून काढा

एक रास्त भाव आणि एक कमाल खरेदी भाव. डोक्यात नको, वहीत. चार्ट उघडण्याआधी. चार्ट एकदा डोळ्यांसमोर आला की हातातलं गणित आपोआप त्याच्याकडे झुकतं.

आयटीसीसाठी २०२० च्या उत्तरार्धात हे गणित कसं मांडता आलं असतं ते पाहू. २०१९-२० मध्ये कंपनीचा स्वतंत्र (उपकंपन्या वगळून) निव्वळ नफा १५,१३६ कोटी रुपये होता, म्हणजे शेअरमागे साधारण १२ रुपये ३० पैसे. करोनामुळे पुढचं वर्ष खराब जाणार हे दिसत होतंच (२०२०-२१ चा नफा १३,०३२ कोटींवर आला), पण हॉटेलं बंद राहणं आणि सिगारेटची दुकानं बंद राहणं हे काही कायमचं नव्हतं. म्हणून सर्वसाधारण वर्षाचा नफा १२ रुपये धरू. त्याआधीच्या दशकात बाजाराने या शेअरला बराच काळ पंचविशीच्या वरचा पी/ई दिला होता. आपण सावध राहून २२ धरू. १२ गुणिले २२ म्हणजे २६४ रुपये, हा रास्त भाव. त्यातून २५ टक्के सुरक्षिततेसाठी वजा केले की १९८. हा कमाल खरेदी भाव.

२२ च का, २५ का नाही, असं कुणी विचारेल. त्याला ठोस उत्तर नाही आणि असल्याचा आव आणू नये. म्हणूनच तर २५ टक्के मोकळीक ठेवलीय.

एक ओळ आणखी लिहा: शेअर स्वस्त का आहे? कारण सापडलं नाही तर बाजाराला काहीतरी माहीत आहे जे तुम्हाला नाही, असं समजा. आयटीसीच्या बाबतीत कारणं उघड होती. जुलै २०१७ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटवरचा उपकर वाढवला आणि दुसऱ्याच दिवशी शेअर एका सत्रात १२ टक्क्यांहून जास्त कोसळला. त्यानंतर दर अर्थसंकल्पाला कराची टांगती तलवार. शिवाय तंबाखूपासून दूर राहायचं धोरण असलेल्या परदेशी फंडांची विक्री. ही सगळी भीती होती, धंदा मोडल्याची लक्षणं नव्हती. लाभांश चालूच होता: २०१९-२० साठी १० रुपये १५ पैसे, २०२०-२१ साठी १० रुपये ७५ पैसे. २०० रुपयांच्या शेअरवर हे पाच टक्क्यांहून अधिक होतं, तेव्हाच्या बहुतेक बँकांच्या एफडीच्या तोडीचं.

तिसरी पायरी: आता चार्ट, तोही साप्ताहिक

रोजचा चार्ट गुंतवणूकदाराला भलत्या कामाला लावतो. साप्ताहिक चार्ट लावा, पाच-सहा वर्षांचा, आणि त्यावर ४० आठवड्यांची साधी सरासरी काढा. रोजच्या चार्टवरची २०० दिवसांची सरासरी म्हणतात ती साधारण हीच. खाली व्हॉल्यूम, म्हणजे किती शेअरची उलाढाल झाली ते. बस. आरएसआय (भावाच्या हालचालीचा जोर ० ते १०० मध्ये मोजणारा आकडा) ठेवायचा तर ठेवा, पण तो ३० च्या खाली गेला म्हणून खरेदी करू नका. पडत्या शेअरमध्ये आरएसआय कितीतरी आठवडे ३० च्या खाली लोळत राहतो. त्याचा खरा उपयोग एकच: भावाने नवा तळ केला आणि आरएसआयने केला नाही, तर विक्रीचा जोर ओसरतोय अशी शंका घ्यायला जागा आहे.

चार्टवर तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, मागच्यापेक्षा वरचा तळ. शेअर पडला, उसळला, पुन्हा पडला, पण यावेळी जुन्या तळापर्यंत गेला नाही. आयटीसी मार्च २०२० च्या घसरणीत १३५ रुपयांच्या आसपास गेला होता. नंतर २०० च्या जवळ आला आणि ऑक्टोबर २०२० च्या अखेरीस पुन्हा १६५ च्या आसपास घसरला. शेअर हलत नाही म्हणून त्याच्यावर मीम्सचा पाऊस पडत होता, पण चार्टवर दुसरा तळ पहिल्याच्या पुष्कळ वर होता. विकणारे होते, पण १३५ ला विकायची घाई आता कुणाला नव्हती.

दुसरी, सरासरीच्या रेषेचा कल. लोक फक्त भाव सरासरीच्या वर आहे की खाली एवढंच बघतात आणि इथेच फसतात. रेष स्वतः खाली झुकलेली असेल तर भाव तिच्यावर चढला तरी ते बहुधा टिकत नाही. रेष सपाट व्हायला हवी, निदान सात-आठ आठवडे.

तिसरी, व्हॉल्यूम. घसरणीच्या आठवड्यांत उलाढाल आटत चालली आहे आणि चढत्या आठवड्यांत वाढते आहे का? एनएसईच्या संकेतस्थळावर डिलिव्हरीची टक्केवारीही (त्याच दिवशी न विकता खरोखर खात्यात घेतलेले शेअर) मिळते. एखाद्या दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवू नका, महिन्याभराचा कल बघा.

आणि एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे जुन्या नोंदी आणि आजचा चार्ट जुळत नाहीत. विभाजन, बोनस, विलगीकरण झालं की चार्टची सेवा देणारे जुने भाव त्या प्रमाणात कमी करून दाखवतात. आयटीसीतून हॉटेलांचा धंदा जानेवारी २०२५ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे आज अनेक चार्टवर जुने भाव इथे लिहिलेल्यांपेक्षा थोडे खाली दिसतील. आपल्या वहीतला कमाल भाव त्या हिशोबाने सुधारून घ्या.

येस बँक: चार्टने कुठे वाचवलं असतं

ही पायरी नाही, पण हे न सांगता पुढे जाता येत नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये येस बँकेचा शेअर ४०० रुपयांपर्यंत गेला होता. सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने येस बँकेचे प्रमुख राणा कपूर यांची मुदत ३१ जानेवारी २०१९ पर्यंतच मर्यादित केली आणि २१ सप्टेंबरला शेअर एका दिवसात तीस टक्क्यांच्या घरात पडला. मूल्यवाल्यांना इथे मोह झाला, कारण पुस्तकी मूल्याच्या मानाने शेअर बराच स्वस्त दिसू लागला. फेब्रुवारी २०१९ मध्ये बुडीत कर्जांच्या नोंदींत तफावत नसल्याची बातमी आली आणि शेअर एका दिवसात जवळपास तितकाच उसळला. एप्रिलच्या सुरुवातीला तो २८० च्या आसपास होता. अनेकांना वाटलं, संपलं संकट. पण २०० दिवसांच्या सरासरीची रेष तेव्हाही खालीच झुकत होती, कारण तिच्यातून साडेतीनशेचे भाव बाहेर पडत होते आणि अडीचशेचे आत येत होते. एप्रिलच्या अखेरीस बँकेने तिमाहीला १,५०७ कोटींचा तोटा जाहीर केला आणि शेअर पुन्हा एका दिवसात तीस टक्क्यांच्या घरात घसरला. जुलैपर्यंत भाव शंभराच्या खाली, म्हणजे पुस्तकी मूल्याच्याही खाली. कागदावर आणखी स्वस्त.

५ मार्च २०२० ला निर्बंध आले, खात्यातून ५० हजारच काढायची मर्यादा. नंतरच्या पुनर्रचनेत स्टेट बँक आणि इतरांनी १० रुपये भावाने पैसे घातले, आणि शंभराहून अधिक शेअर असलेल्या जुन्या भागधारकांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी अडकले. विकायचंही स्वातंत्र्य गेलं.

ताळेबंद वाचून हे आधी कळणं सामान्य माणसाला जवळपास अशक्य होतं. रेष झुकलेली आहे हे मात्र कुणालाही दिसलं असतं. ‘रेष सपाट झाल्याशिवाय मोठी खरेदी नाही’ हा नियम कंटाळवाणा आहे, पण त्याने सप्टेंबर २०१८ ते मार्च २०२० या काळात या शेअरपासून दूर ठेवलं असतं.

चौथी पायरी: तीन हप्त्यांत खरेदी

समजा एका शेअरसाठी तुम्ही १ लाख रुपये ठेवलेत. विभागणी अशी करा: २५ हजार, ४५ हजार, ३० हजार.

पहिला हप्ता भाव कमाल खरेदी भावाच्या खाली असेल आणि वरचा तळ दिसला असेल तेव्हा. सरासरी अजून झुकलेली असली तरी चालेल, म्हणूनच हा हप्ता लहान. आयटीसीत हा टप्पा ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२० चा, १७० च्या आसपास.

दुसरा, सर्वात मोठा हप्ता भाव ४० आठवड्यांच्या सरासरीच्या वर सलग दोन शुक्रवारी बंद झाला आणि रेष सपाट झाली की. पण अट कायम: भाव अजून कमाल खरेदी भावाच्या खाली हवा. आयटीसीत हे २०२० च्या शेवटी, १९० ते १९८ च्या पट्ट्यात बसतं. पट्टा अरुंद आहे. दोन-तीन आठवड्यांचा उशीर झाला तर भाव मर्यादेच्या वर. अशा वेळी मर्यादा वाढवण्याचा मोह होतो. तिला हात लावू नका, पुढच्या निकालापर्यंत थांबा.

तिसरा हप्ता थोडा वेगळा. तो कमाल खरेदी भावाच्या वर, पण रास्त भावाच्या बराच खाली घेता येतो, कारण आता वर वळलेल्या सरासरीने दिशा दाखवलेली असते. मात्र उसळीत नाही, उसळीनंतर भाव सरासरीपाशी परत आला की. आयटीसी ऑक्टोबर २०२१ मध्ये २६५ च्या आसपास जाऊन आला आणि पुढच्या काही महिन्यांत पुन्हा २१०-२२० च्या पट्ट्यात घसरला. रास्त भाव २६४, सरासरी आधाराला. तिसऱ्या हप्त्याची जागा ती. एप्रिल २०२२ नंतर शेअरने २६५ ओलांडलं तेव्हा चार्टवाले ब्रेकआउट (जुनी वरची पातळी ओलांडणं) म्हणून तुटून पडले, आणि जुलै २०२३ मध्ये तो ५०० च्या उंबरठ्यावर होता. आपल्या नियमाने मात्र २६५ ला नवीन खरेदी बसत नव्हती. नफा वाढत गेल्यामुळे रास्त भावही वर सरकत गेला (२०२२-२३ ला शेअरमागे नफा १५ रुपयांवर गेला), त्यामुळे हातातले शेअर ठेवणं मात्र नियमात बसत होतं. घेणं आणि ठेवणं यांचे निकष एकच असायला हवेत असं नाही.

मागे वळून पाहताना सगळे टप्पे स्वच्छ दिसतात हे मान्य. त्या वेळी चार्टच्या उजव्या कडेला बसून बघताना नोव्हेंबर २०२० चा वरचा तळ हा फक्त ‘अजून पडलेला नाही’ एवढाच दिसत होता. हप्ते त्यासाठीच.

आणि पद्धतीने काय वाचतं तेही नीट समजून घ्या. जुलै २०२० मध्ये १९५ ला सगळे पैसे घातलेला माणूस शेवटी फायद्यातच राहिला. पण निफ्टी (एनएसईचा ५० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) त्या काळात १०,७०० च्या आसपासवरून ऑक्टोबर २०२१ पर्यंत १८,००० च्या पुढे गेला, आणि याच्या हाती त्या मानाने बरंच कमी आलं. हप्त्यांनी खरेदी करणाऱ्याचे ३० हजार तरी वर्षभर दुसरीकडे कामाला लागले असते.

चौथा हप्ता नाही. सरासरी भाव खाली आणण्यासाठी पडत्या शेअरमध्ये आणखी पैसे घालायचे नाहीत, कितीही स्वस्त वाटला तरी.

पाचवी पायरी: कधी थांबायचं ते आधी लिहा

पहिल्या हप्त्यानंतर शेअरने तो वरचा तळ साप्ताहिक बंद भावाने तोडला तर? मी आपोआप विकत नाही. पुढचे हप्ते मात्र त्या क्षणी गोठतात, आणि मागची दोन तिमाही निकालपत्रं आणि व्यवस्थापनाचं निवेदन पुन्हा वाचायला घेतो. धंद्याचं गृहीतक तुटलेलं दिसलं (नफ्यापेक्षा रोख प्रवाह घसरला, कर्ज वाढलं, गहाण शेअर वाढले, लेखापरीक्षकाने मध्येच राजीनामा दिला) तर विकायचं, तोटा कितीही असो. गृहीतक शाबूत असेल तर २५ हजार तसेच राहू द्यायचे. पहिला हप्ता लहान ठेवण्याचा फायदा इथे कळतो.

दुसऱ्या बाजूला, शेअर रास्त भावाच्या दीडपट गेला आणि नफा त्या प्रमाणात वाढला नाही, तर ४० आठवड्यांची सरासरी तुटेपर्यंत थांबून विकता येतं. महाग शेअर आणखी महाग होऊ शकतो, तिथे चार्टचा उपयोग मला खरेदीपेक्षाही जास्त वाटतो.

बाजाराचा एकूण भाव

निफ्टीचा पी/ई बघण्याची सवय चांगली, पण जुन्या तक्त्यांशी तुलना करताना एक फरक ध्यानात ठेवा. मार्च २०२१ अखेरपर्यंत एनएसई हा आकडा कंपन्यांच्या स्वतंत्र नफ्यावर काढत असे. त्यानंतर एकत्रित नफ्यावर. त्या बदलाने आकडा एका झटक्यात ४० च्या आसपासवरून ३३ च्या आसपास आला, बाजार न पडता. २०१० च्या पी/ईशी आजचा पी/ई थेट लावून ‘बाजार स्वस्त आहे’ म्हणणारे लेख अजून फिरतात.

ऑर्डर घालताना

निर्णय शुक्रवारी साडेतीननंतर, ऑर्डर सोमवारी. सकाळच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत नको, आणि मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) तर नकोच, विशेषतः कमी उलाढालीच्या शेअरमध्ये. लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावाची) घाला. बहुतेक ब्रोकरकडे जीटीटीची (ठरलेला भाव आला की आपोआप ऑर्डर जाण्याची) सोय असते, पण ती फक्त भाव ओळखते. दोन शुक्रवारच्या बंद भावाची किंवा रेषेच्या कलाची अट तिला कळत नाही. निकाल दोन-चार दिवसांवर असेल तर थांबा. तिमाही निकाल तिमाही संपल्यावर ४५ दिवसांच्या आत येतात, वार्षिक ६० दिवसांच्या आत, त्यामुळे तारीख साधारण कळते.

हप्त्यांमुळे कराचा हिशोब थोडा वाढतो. प्रत्येक हप्त्याचे बारा महिने वेगळे मोजले जातात, आणि डिमॅटमधून विकताना आधी घेतलेले शेअर आधी गेले असं धरतात. २३ जुलै २०२४ पासून बारा महिन्यांच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के, त्यानंतर विकल्यास वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. थोडेच शेअर विकायचे असतील तर पहिल्या हप्त्याचं वर्ष भरलं आहे का एवढंच बघा, तिसऱ्याची तारीख तिथे आड येत नाही.